जिन्यावरची जागा

मे महिन्यातल्या एका रविवारी लेक लॅपटॉप घेऊन थेट स्वयंपाकघरात आली. "हाउसिंगचा फॉर्म भरतेय. कुणाला काही बोलायचं असेल तर आत्ता बोला, नंतर नाही." मी आमटीला फोडणी देत होते. गॅस बारीक केला, हात पुसले आणि तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं.

अमेरिकेतल्या आम्हा मराठी घरांमध्ये कॉलेजची चर्चा दोन-तीन वर्षं चालते. एसएटी, निबंध, कुठे कुठला विषय चांगला, फी किती, स्कॉलरशिप किती. १ मेपर्यंत एकदाचं कॉलेज ठरतं, डिपॉझिट भरलं जातं आणि आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतात. मूल तिथे राहणार कुठे, कुणाच्या शेजारी झोपणार, हा प्रश्न मात्र फॉर्मवर दहा मिनिटांत उरकतो. मला आता वाटतं, आपण हे उलटं करतो. पहिल्या वर्षी मूल वर्गात आठवड्याला पंधरा-सोळा तास असतं. उरलेला सगळा वेळ ते त्या मजल्यावरच्या माणसांत राहतं.

फॉर्ममध्ये बरंच काही विचारलं होतं. रात्री किती वाजता झोपतेस, खोली कितपत आवरलेली लागते, अभ्यासाला गाणी लागतात का, खोलीत पाहुणे आलेले चालतात का. त्याखाली राहण्याचे प्रकार. कलाकार मुलांचा मजला, पर्यावरणवाल्यांचा, भाषा शिकणाऱ्यांचा, इंजिनिअरिंगच्या मुलींचा, दक्षिण आशियाई मुलांचा. आणि शेवटी एक 'सब्स्टन्स-फ्री' मजला. म्हणजे दारू, सिगारेट, व्हेप, गांजा, काहीच नाही. लेकीची खूण त्या शेवटच्या चौकटीत आधीच पडलेली होती.

तिचे बाबा चष्मा लावून जवळ आले. "बाळा, तू तशीही काही घेत नाहीस. मग असा वेगळा मजला कशाला? चार तऱ्हेची माणसं बघायला नकोत का? आणि तो आपल्या मुलांचा मजला आहे की, तिथे दिवाळी तरी होईल."

मी गप्प राहिले. मी का गप्प होते ते पुढे सांगते.

बाबांचा प्रश्न तसा रास्त होता. नंतर मंडळाच्या गणपतीत मैत्रिणींनीही तोच विचारला, फक्त दुसऱ्या बाजूने. "अगं, पण इथे एकवीसच्या आत दारू बेकायदाच आहे ना? मग सगळेच डॉर्म सब्स्टन्स-फ्री झाले!" कागदावर खरंच तसं आहे. १९८४ साली रेगन यांच्या कारकिर्दीत कायदा झाला: जे राज्य दारूसाठी किमान वय २१ ठेवणार नाही, त्याच्या महामार्गांच्या केंद्रीय निधीला कात्री लागेल. रस्त्यांचा पैसा कोण सोडणार? १९८८ पर्यंत सगळ्या राज्यांनी वय २१ केलं. म्हणजे पहिल्या वर्षाला जाणारी अठरा वर्षांची मुलं जिथे राहतात तो प्रत्येक मजला कायद्याने कोरडा. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये गांजा कायदेशीर केला, पण तोही २१ वर्षांनंतर. शिवाय केंद्राचे पैसे घेणाऱ्या कॉलेजांना तो आवारात चालवून घेता येत नाही.

तरीही ज्याचं मूल डॉर्ममध्ये राहिलंय त्याला विचारा. पिणं शुक्रवारी संध्याकाळी खोल्यांमधून सुरू होतं, कारण बाहेर कुणी त्यांना विकत देत नाही. दारं लावून, घाईघाईने, मोजमाप न ठेवता. इथली दारूविषयक राष्ट्रीय संशोधन संस्था पालकांना बजावून सांगते की पहिल्या वर्षाचे पहिले ६ आठवडे सगळ्यात जपण्याचे. मूल नवीन, ओळखी नाहीत, आणि ओळख करून घ्यायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे कुणाच्या तरी खोलीतली बाटली. हार्वर्डमधल्या हेन्री वेक्स्लर यांनी १९९० च्या दशकात देशभरच्या कॉलेजांमधल्या पिण्याचा मोठा अभ्यास केला. दुसऱ्याच्या पिण्याचा त्रास न पिणाऱ्याला किती होतो, हेही त्यांनी मुलांना विचारलं, ही त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. झोपमोड, भांडणं, नशेत पडलेल्याची उस्तवार. आणि सब्स्टन्स-फ्री मजल्यांवर हा त्रास कमी असल्याचं त्यांना दिसलं.

लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. तिचं कारण एका पेल्याएवढं होतं.

अकरावीत असताना ती एका वर्गमैत्रिणीच्या घरी पार्टीला गेली होती. तिथे पोचल्यावर पाच मिनिटांत तिला तिघांनी विचारलं, तू काय घेणार. नको म्हटलं की का नको, धार्मिक आहेस का, घरचे ओरडतील का, औषध चालू आहे का. मग तिने स्वयंपाकघरात जाऊन लाल प्लास्टिकच्या पेल्यात स्प्राइट ओतून घेतलं आणि तो पेला साडेतीन तास हातात धरून ठेवला. प्यायली नाही, कारण संपला असता तर पुन्हा कुणीतरी भरायला आलं असतं. "आई, घरी आले तेव्हा ते गरम झालं होतं," ती म्हणाली. "पार्टीत मला मजा आली. गाणी छान होती. पण अर्धं लक्ष त्या पेल्याकडेच. मला चार वर्षं पेला धरून उभं राहायचं नाहीये."

बाबा यावर काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले आणि पुढचा प्रश्न वाचू लागले.

कोल्हापुरातून मावशीचा फोन आला तेव्हा वेगळीच चिंता. "म्हणजे पोरीला काही सवय लागलीय का गं? खरं सांग." मावशीची काही चूक नाही, नावावरून इथल्या लोकांचाही गोंधळ होतो. व्यसनातून बाहेर पडलेल्या मुलांसाठी वेगळी राहण्याची सोय असते, ती निराळी. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर रटगर्स विद्यापीठ आहे. त्यांनी १९८८ मध्ये अशा मुलांसाठी आवारातच घर सुरू केलं, देशातलं पहिलं. तिथली मुलं एकमेकांच्या आधाराने दारूशिवायचा दिवस पार पाडतात आणि सोबत शिकतात. २०१५ मध्ये न्यू जर्सीने कायदाच केला: ज्या सरकारी कॉलेजांत किमान पाव विद्यार्थी आवारात राहतात त्यांनी अशी सोय करायलाच हवी. मला या कायद्याचा फार अभिमान वाटतो. पण लेकीने निवडलेला मजला कुणासाठीही खुला असतो. तिथे राहायला कारण लागत नाही, कुणी विचारतही नाही. मावशीला हे पटायला वेळ लागला. "कारण विचारत नाहीत?" तिने दोनदा विचारलं. "हे बरंय."

कॉलेजं बघत फिरताना आम्ही इथाकाला कॉर्नेलला गेलो होतो. तिथे रिस्ली म्हणून लाल विटांची किल्ल्यासारखी इमारत आहे, गाण्या-नाटकाच्या मुलांची, आतच स्वतःचं थिएटर असलेली. जवळच उजामा, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं निवास. १९६९ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विद्यापीठाची एक इमारत ताब्यात घेतली होती, आणि त्यानंतर १९७२ मध्ये हे निवास उभं राहिलं. आम्हाला फिरवणारी मुलगी म्हणाली, दिवसभर वर्गात आपण एकटेच तसे दिसणारे असतो, संध्याकाळी घरी आल्यावर तरी ते विसरता यावं. ते ऐकताना मला दसरा चौक आठवला.

मी कोल्हापूरची. शाळेत जाताना रोज दसरा चौकातल्या बोर्डिंगांवरून जायचे. दिगंबर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, नावं वाचत चालायचं. लहानपणी वाटायचं, प्रत्येक गावात अशी बोर्डिंग असतातच. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहांची रांगच लागली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. आमचे आजोबा भुदरगडातल्या खेड्यातून १९३० च्या सुमारास शिकायला आले, ते अशाच एका बोर्डिंगच्या आधारावर. शहरात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं, खानावळीचे पैसे नव्हते. आजोबा म्हणायचे, बोर्डिंगच्या दारात कुणी 'कुणाचा रे तू' विचारलं तर ते जेवायला वाढण्यासाठी विचारायचे, हाकलण्यासाठी नाही.

पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये वसतिगृह काढलं, तेव्हा सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवलं. भाऊराव स्वतः शिकायला कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेले. १९२७ मध्ये त्यांच्या वसतिगृहाला गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. एकाने वेगळ्या छपरांखाली पोरं शिकवली, दुसऱ्याने एका छपराखाली, आणि दुसऱ्याने पहिल्याचं नाव अभिमानाने दारावर लावलं. मला यात विरोध कधीच दिसला नाही. आधी पोराला पाय टेकायला जागा हवी. ती मिळाली की ते कुणाच्याही शेजारी बसून जेवतं.

म्हणून नवऱ्याच्या 'चार तऱ्हेची माणसं' या मुद्द्याचा मी खूप विचार केला. दक्षिण आशियाई मजल्यावर आमच्यासारख्याच घरांतून आलेली मुलं असती, तीच शाळा, तोच तबला क्लास, तेच इंजिनिअर आईवडील. तेही चांगलंच. पण ऑगस्टच्या अखेरीस लेकीचं सामान लावायला गेलो तेव्हा तिच्या मजल्यावर दारादारांवर लावलेली नावं मी वाचत गेले, शाळेत जाताना वाचायचे तशी. शेजारी युटाहून आलेला मॉर्मन, म्हणजे दारू वर्ज्य मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातला मुलगा. समोर मिशिगनमधल्या डिअरबॉर्नची लेबनीज मुलगी. पलीकडे एक पळणारी, तिला पहाटे पाचला सरावाला जायचं असतं. एकाला फिट्स येतात, गोळ्या चालू आहेत, त्याला दारूचा थेंबही चालत नाही. कोपऱ्यातल्या खोलीतली मुलगी घरचं काही बोलत नाही आणि तिला कुणी विचारत नाही. एका अटीवर एकत्र आलेली ही मुलं बाकी कशातच एकसारखी नव्हती. नवऱ्याने गाद्यांवर चादरी घालता घालता हे सगळं पाहिलं. परतीच्या वाटेवर टोल भरताना म्हणाला, "मजला बरा आहे."

आता दादाबद्दल.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. १९८८ साली इंजिनिअरिंगला लांबच्या शहरात गेला. कॉलेजचं नाव लिहीत नाही. त्या वेळी सगळीकडे तसंच होतं. हॉस्टेलच्या खोलीत चार लोखंडी कॉट, चार कपाटं, मधे एक टेबल. शनिवारी रात्री त्या टेबलावर पेपर अंथरला जायचा, शेंगदाणे, चिरलेला कांदा, बाटली. दादा आमच्या घरातून गेलेला, त्याने दारूचा वासही जवळून घेतलेला नव्हता. तो पुस्तक घेऊन उठायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यावर जाऊन बसायचा. तिथे एक पिवळा बल्ब होता. खोलीतलं आवरलं की दीड-दोनला परत यायचा. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. दिवाळीच्या सुट्टीहून परत गेल्यावर थंडी वाढली.

हे मला त्याने किती वर्षांनी सांगितलं! मधल्या सतरा-अठरा वर्षांत काय काय झालं ते इथे लिहीत नाही, वहिनीने सोसलंय ते तिचं आहे. २००६ मध्ये तो पुण्यात मुक्तांगणमध्ये राहून आला. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं हे घर नसतं तर मला आज भाऊ नसता. त्यानंतर एकदा कोल्हापूरच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना तो आपणहून बोलायला लागला. "मला कुणी जबरदस्ती केली नाही. चिडवलंसुद्धा नाही फारसं, चांगली पोरं होती. मला फक्त माझ्या कॉटवर बसायचं होतं गं. जिन्यावर पाय गारठायचे. एकदा वाटलं, एक घोट घेतला की इथे बसता येईल."

पुढे व्यसन का लागलं याची कारणं अनेक असतील, डॉक्टरांनी ती समजावली आहेत. माझ्या मनात मात्र तो जिना राहिला. अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या कॉटवर बसायला किंमत मोजावी लागली. त्याच्याकडे निर्धार होता, तीन-चार महिने पुरला. निर्धार दर शनिवारी नव्याने काढावा लागला तर तो कुणाचा किती दिवस पुरेल?

फॉर्मच्या त्या रविवारी रात्री मी लेकीच्या खोलीत गेले आणि तिला हे सांगितलं. मामाला काय त्रास होता ते तिला माहीत होतं, जिना माहीत नव्हता. ती बराच वेळ पांघरुणाचं टोक बोटांनी गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "त्याला खोली बदलून मागता आली नसती?" मी म्हटलं, "कुणाकडे मागणार? आणि काय सांगून?"

ही निवड केली की सगळं सोपं होतं, असं मात्र झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी रात्री दहाला तिचा फोन आला. खिडकीतून मुलांचे घोळके हसत-खिदळत जाताना दिसत होते. "आई, सगळे कुठेतरी चाललेत. मी एकटीच आहे असं वाटतंय." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, की बदल मजला, जा त्यांच्याबरोबर. गिळलं. "खोलीचं दार उघडं ठेव," एवढंच सुचलं मला. तिने ठेवलं. अर्ध्या तासाने डिअरबॉर्नची मुलगी पॉपकॉर्नची पिशवी घेऊन आत आली, तीही खिडकीत उभी होती म्हणे. आता शुक्रवारी लाउंजमध्ये पत्ते असतात. तळघरातल्या स्वयंपाकघरात लेक पोहे करते. मोहरी मी पाठवते.

पहिल्याच रात्री त्यांच्या मजल्याची बैठक झाली होती. आरए म्हणजे मजल्याची देखरेख करणारी मोठ्या वर्गातली मुलगी, तिने जमिनीवर चार्ट पेपर पसरला आणि नियम मुलांनाच लिहायला लावले. मी नंतर गेले तेव्हा तो कागद लाउंजच्या भिंतीवर होता, जांभळ्या आणि हिरव्या मार्करने लिहिलेला. मजल्यावर काही आणायचं नाही, शोभेची रिकामी बाटलीसुद्धा नाही. बाहेर तुम्ही काय करता ते तुमचं, पण इतरांना त्रास होईल अशा अवस्थेत परत यायचं नाही. सगळ्यात जास्त वाद पुढच्या ओळीवर झाला म्हणे. दुसऱ्या मजल्यावरचं कुणी झिंगून मदत मागत आलं तर काय करायचं? एक मुलगा म्हणाला, मग या मजल्याला अर्थ काय. कोपऱ्यातल्या खोलीतली, घरचं न बोलणारी ती मुलगी तेव्हा पहिल्यांदा बोलली. ती ओळ तिच्याच अक्षरात आहे: 'मदत मागायला आलेल्याला दार उघडायचं.' मी त्या ओळीचा फोटो काढून ठेवला आहे.

दोन मुलं ऑक्टोबरच्या आत मजला सोडून गेली. खोलीत वोडका सापडली. लेक सांगत होती, त्यांच्या आईवडिलांनी परस्पर ती चौकट भरली होती, मुलांना इथे आल्यावर कळलं. मला त्या मुलांचा राग येत नाही. आईवडिलांचाही येत नाही, त्यांच्याही मनात कुठला तरी जिना असेल. पण जो कुणी मराठी आईबाप पुढच्या मेमध्ये या फॉर्मपुढे बसणार आहे, त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे की ती खूण मुलाने करायची असते. आपण फार तर आपली गोष्ट सांगावी. तीही खूण करून झाल्यावर सांगितली तर उत्तम.

ऑक्टोबरच्या मध्यावर एका शुक्रवारी रात्री साडेअकराला लेकीने व्हिडिओ कॉल लावला, मला आणि मामाला एकत्र. कोल्हापुरात शनिवारचे नऊ वाजले होते, दादा गॅलरीत चहा पीत बसला होता. तिने त्याला खोली दाखवली, रूममेटची झाडं दाखवली, लाउंजमधले पत्ते दाखवले. दादा हं-हं करत होता. मग म्हणाला, "जिना कुठाय तुमचा?"

ती काही बोलली नाही. फोन घेऊन चालायला लागली, आधी भिंती दिसल्या, मग एक जड दार, मग तिच्या चपलांचा आवाज घुमायला लागला. सिमेंटचा जिना, लोखंडी कठडा, वर लांब पांढरी ट्यूब. तिने फोन वर फिरवला, खाली फिरवला. कुणी बसलेलं नव्हतं. दादाने कप खाली ठेवला आणि मोबाईल डोळ्यांजवळ नेला. आम्ही तिघंही गप्प होतो.

"लाइट चांगला आहे," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "जा आता. उशीर झालाय. तुझ्या कॉटवर जाऊन झोप."